वहिनी, क्लाउड आणि माझं तोंड

माझी वहिनी चोपन्न वर्षांची आहे आणि दोन गोष्टी तिला जन्मात जमलेल्या नाहीत. एक, मनातल्या मनात वाचणं. दुसरी, कुठलीही वस्तू फेकून देणं. यातल्या पहिल्या गोष्टीपायी तिची परीक्षा बुडाली. म्हणजे अर्धी तिने बुडवली आणि अर्धी मी. मी हे लिहितेय ते माझ्या त्या अर्ध्यासाठी, कारण तिने त्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलेलं नाही.

घरात आम्ही तिघं. दादा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. वहिनी एका मोठ्या हॉस्पिटलची रेकॉर्ड रूम सांभाळते. मी दादाची धाकटी बहीण, पुढच्या खोलीत मशीन मांडून लोकांचे कपडे अल्टर करते. लोकांची पोटं सुटतात, आत जातात, चेन तुटतात. कामाला तोटा नाही. लग्न मी केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याची पँट अर्धा इंच आखूड होते. वहिनी मला 'कात्री' म्हणते. धंद्यावरून म्हणते असं ती सांगते, आणि मीही ते खरं धरून चालते. अठ्ठावीस वर्षं आम्ही एका छपराखाली आहोत आणि अठ्ठावीस वर्षं भांडतोय: खिडकी उघडी की बंद, ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा, रेडिओचा आवाज किती. दादा यात पडत नाही. तो म्हणतो, दिवसभर अडकलेली माणसं सोडवून येतो, घरी मला सोडवासोडवीला बोलवू नका.

वहिनीची रेकॉर्ड रूम हॉस्पिटलच्या तळघरात. चौदा लोखंडी मांडण्या, छताला टेकलेल्या फायली. वरून वॉर्डातून चिठ्ठी आली की वहिनी फाईल काढते, उघडते आणि मोठ्यांदा वाचते: नाव, वय, जन्मतारीख, नंबर. समोरच्याने चिठ्ठीवर बोट ठेवून ऐकायचं आणि तेवढ्याच मोठ्यांदा म्हणायचं, "बरोबर!" ते आल्याशिवाय फाईल जिना चढत नाही. वहिनी नवीन असताना एकाच नावाच्या, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन बायका एका वॉर्डात होत्या आणि त्यातल्या एकीला एक इंजेक्शन चालत नव्हतं. चिठ्ठी घेऊन आलेल्या नर्सची घाई चाललेली. वहिनीने जन्माचा महिना वाचला आणि पलीकडून 'बरोबर' काही आलं नाही. चुकीची फाईल होती. ती बाई आजही कधीतरी तपासणीला येते आणि तिला यातलं काही ठाऊक नाही.

"डोळ्यांना सवयीचंच दिसतं," वहिनी सांगते. "चूक असते ती कानाला टोचते."

त्यामुळे ती सगळंच मोठ्यांदा वाचते. औषधाची बाटली, बसची पाटी, शाम्पूच्या मागचा बारीक मजकूर. गेल्या वर्षी तिचा जोडीदार कारकून निवृत्त झाला, तेव्हापासून फायली परत लावताना ती मांडणीला वाचून दाखवते आणि 'बरोबर'ही स्वतःच म्हणते.

मग हॉस्पिटलने ठरवलं की तळघर रिकामं करायचं. सगळ्या फायली स्कॅन होणार आणि क्लाउडवर जाणार. क्लाउड म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या, कुठेतरी दूर असलेल्या, भल्यामोठ्या संगणकांच्या कोठारात आपली जागा भाड्याने घ्यायची. नवीन विभागात जुन्या लोकांसाठी जागा एकच. संगणक विभागाच्या मॅडमनी, तिशीतली बाई, भरभर बोलणारी पण मनाने सरळ, वहिनीला समोर बसवून सांगितलं, "ताई, क्लाउडची पहिल्या पायरीची परीक्षा असते. इंजिनियर नसलेले लोकही देतात. सप्टेंबरच्या तीस तारखेच्या आत प्रमाणपत्र आणा, जागा तुमची. नाहीतर तुम्हाला चादरींच्या कोठीत टाकतील, माझ्या हातात काही नाही."

वहिनी घरी आली आणि बूट न काढता खुर्चीत बसली. असं ती कधी करत नाही.

"माझ्या फायली चालल्या," ती म्हणाली.

सगळं ऐकून मी म्हटलं, "मग जाऊ दे की. सहा वर्षं राहिलीत तुझी. चादरी मोज, निवांत राहा. चादरी मोजायला काय अक्कल लागते?"

"लागत नाही, तेच तर. आणि वर जे बसतील त्यांना कोण सांगणार, एका नावाच्या दोन बायका असू शकतात म्हणून?"

उत्तर नसलं की मला राग येतो, म्हणून मी तिला आधी बूट काढायला सांगितलं.

जूनपासून अभ्यास सुरू झाला. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, माझ्या कापायच्या टेबलावर. हॉस्पिटलने लॅपटॉप दिला होता. वहिनीने दोनशे पानी वही आणली, तिला कव्हर घातलं, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि मग पेन्सिलला टोक काढण्यात वीस मिनिटं घालवली. मी म्हटलं, परीक्षा टोक काढण्याची असती तर तू पहिली आली असतीस.

पहिले पंधरा दिवस सगळं आमच्या डोक्यावरून गेलं. आमच्या म्हणते, कारण वहिनी वाचणार मोठ्यांदा, आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उसवत बसलेली. कान काही बंद करता येत नाहीत. हळूहळू मला त्यातलं कळायला लागलं आणि त्याचा मला कोण आनंद झाला.

'इलॅस्टिसिटी' नावाचा धडा आला तेव्हा वहिनी कपाळाला हात लावून बसली होती. गर्दी वाढली की यंत्रणेने आपोआप ताणायचं, गर्दी ओसरली की परत आवळून घ्यायचं.

"म्हणजे काय गं, कात्री?"

मी हातातला चड्डीचा नेफा तिच्यासमोर ताणला आणि सोडला. "हे. जेवल्यावर ताणतं, सकाळी जाग्यावर येतं. तुझं हॉस्पिटल आजवर पट्टा लावून फिरत होतं, आता इलॅस्टिक घालणार."

तिने ते वहीत लिहून घेतलं. नेफ्याचं चित्रही काढलं.

काही धडे मात्र तिने मला शिकवले. कुणाला काय उघडता यावं, याचा एक मोठा भाग होता. नियम असा की ज्याला जेवढं काम, तेवढीच किल्ली. वहिनी हसायलाच लागली. "हे काय नवीन आहे? मोठे डॉक्टर आले तरी मी दुसऱ्या वॉर्डाची फाईल देत नाही. एकदा तर साक्षात संचालकांना परत पाठवलं." आणि जबाबदारीची वाटणी: कोठाराची भिंत, कुलूप, वीज हे सगळं कंपनीने बघायचं; आत काय ठेवलं आणि किल्ली कुणाला दिली, ते आपल्या डोक्यावर. हे तर ती सत्तावीस वर्षं जगत आली होती. अशा वेळी तिचा चेहरा असा उजळायचा की मला माझ्या वहिनीचा अभिमान वाटायचा, आणि तो लपवायला मी मशीन जोरात चालवायचे.

पण सरावपरीक्षेत ती आपटत होती. पासष्ट प्रश्न, नव्वद मिनिटं, शंभरात सत्तर हवेत. पहिल्यांदा अठ्ठेचाळीस आले, मग बावन्न, मग पुन्हा अठ्ठेचाळीस. मी चुकलेले प्रश्न काढून बसले तेव्हा कळलं. जिथे जिथे 'हे किती दिवस ठेवाल' असा प्रश्न, तिथे बाई डोळे झाकून 'कायमचं' निवडत होत्या. 'नको असलेलं काढून टाका' असा पर्याय समोर असला तरी हात लावत नव्हत्या.

"वहिनी, अगं पेपर सोडवतेयस की लोणची भरून ठेवतेयस?"

"आणि लागलं तर? वीस वर्षांनी माणूस परत आला तर?"

"पेपरातला माणूस परत येत नाही! पेपरात लिहिलंय, तात्पुरत्या फायली. तात्पुरत्या!"

त्या दिवशी आम्ही इतक्या भांडलो की दादा आतून येऊन दिवा लावून गेला, काळोख झाल्याचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी मी माझी चिंध्यांची पिशवी टेबलावर ओतली आणि म्हटलं, यातलं काय ठेवायचं ते तू सांग. ती एकेक तुकडा हातात घ्यायची, काठ बघायची. पाऊण तास लागला, पण अर्धी पिशवी कचऱ्यात गेली आणि ते तिच्या हाताने गेलं. पुढच्या सरावाला चौसष्ट आले.

यानंतर आम्ही आमची पद्धत बसवली. म्हणजे पद्धत तिचीच, तळघरातली. ती प्रश्न मोठ्यांदा वाचणार, पर्याय वाचणार, उत्तर सांगणार आणि शेवटी आवाज चढवून विचारणार, "ना?" मी वहीच्या मागे उतरवलेल्या उत्तरांवर बोट ठेवून ऐकणार. चूक असेल तर गप्प. ठीक असेल तर खणखणीत "बरोबर!" काही दिवसांनी मला उत्तरं बघावीही लागेनात. मी पलीकडे काजं करत बसलेली, सुई आत, दोरा बाहेर, आणि ती "ना?" म्हणाली की माझ्या तोंडून आपसूक निघायचं. एकाहत्तर आले. मग शहात्तर. त्या दिवशी वहिनीने मला रेडिओ हवा तेवढा मोठा लावू दिला.

परीक्षा घरूनच देता येत होती. बारा सप्टेंबर, सकाळी दहा. नियमांचं पत्रक आलं ते अर्थातच वहिनीने आम्हाला वाचून दाखवलं. खोलीत दुसरं माणूस नको. कागद नको. कॅमेऱ्यातून एक परीक्षक पूर्ण वेळ बघणार. बोलायचं नाही, ओठही हलवायचे नाहीत. यातलं शेवटचं वाक्य तिने मोठ्यांदा वाचलं आणि आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी सवय झाली होती.

परीक्षेला आतली खोली ठरली. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, पलंगाखालच्या पेट्या बाहेर आल्या. दादा कामावर गेला. मी पुढच्या खोलीत बसले आणि आवाज नको म्हणून मशीनला हातही लावला नाही. एका कोटाची खालची दुमड हाताने घालत होते. दार बंद. सुई आत, दोरा बाहेर. माझं मन अगदी स्वस्थ होतं, कारण पोरगी तयार होती. चोपन्न वर्षांची, पण मला त्या दिवशी तसंच वाटत होतं.

तासभर झाला असेल. आतून ओळखीचा आवाज आला. बहुतेक प्रश्न अवघड होता. अवघड प्रश्नाला तिचा आवाज हळूहळू वर चढतो. "...तर कंपनीने काय करावं... पर्याय क... दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात... ना?"

आणि मी, दुमडीवरची नजर न काढता, खणखणीत म्हणाले, "बरोबर!"

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी तो बाहेर पडलेला बघितला. दुसरं कसं सांगू? सुई बोटात शिरली तेही कळलं नाही. आत एक परका आवाज काहीतरी बोलला, थंडपणे, दोन-तीन वाक्यं. मग दार उघडलं.

वहिनी उंबऱ्यात उभी होती. "बंद केली त्यांनी," ती म्हणाली. "नवव्या प्रश्नाला एकदा ताकीद दिली होती, ओठ हलतात म्हणून. आता म्हणाले खोलीत दुसरं माणूस आहे."

मी काहीतरी बोलायला गेले, पण सबंध आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे शब्द नव्हता; जो होता तो मी नको तिथे खर्च करून बसले होते.

"तुझ्या बोटातून रक्त येतंय," ती म्हणाली, आणि पट्टी आणायला आत गेली.

संध्याकाळी दादा आला. वहिनीने त्याला सांगितलं, "मध्येच बंद पडली." बस. दादा भडकला तो इंटरनेटवाल्यांवर. फोन उचलून त्याने त्यांना असं काही धारेवर धरलं की पलीकडचा बिचारा माणूस माफी मागायला लागला. मी भाजी चिरत होते. मला वाटलं, आता सांगून टाकावं. मी मान वर केली तर वहिनी माझ्याकडेच बघत होती आणि तिने डोळ्यांनीच मला गप्प बसवलं. मॅडमनाही तिने तेच सांगितलं.

रात्रीची भांडी घासताना मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"खरंच सांगितलं. बंदच पडली ना?"

पुन्हा परीक्षा द्यायची तर चौदा दिवस थांबायचं, आणि घरून नाही, केंद्रावर जाऊन. मॅडमनी तीन ठिकाणी चौकशी करून एक जागा मिळवली: अठ्ठावीस तारीख. प्रमाणपत्राची शेवटची तारीख तीस. म्हणजे संधी एक, आणि पुढे काही नाही.

वहिनीला आता उत्तरं शिकायची नव्हती. उत्तरं येत होती. तिला गप्प बसायला शिकायचं होतं, आणि ते शिकवायला घरात कोण, तर मी! पण खरं सांगायचं तर मला एक युक्ती माहीत होती. आम्ही शिवणारे लोक टाचण्या ओठांत धरून काम करतो. तेवढ्या वेळात माणूस बोलू शकत नाही. मी दिवसातून गप्प असते ती तेवढीच. टाचण्या काही मी तिच्या तोंडात देणार नव्हते. मी डब्यातून कोटाचं एक मोठं बटण काढलं, उकळून घेतलं आणि तिच्या ओठांत दिलं.

"धर. वाच. पडलं की प्रश्न पहिल्यापासून."

पहिल्या दिवशी बटण अकरा वेळा पडलं. दुसऱ्या दिवशी नऊ. मनात वाचताना ती गोंधळायची. ओळ दोनदा वाचायची, मधलं 'नाही' गाळायची आणि उत्तर उलटं द्यायची. गुण साठावर आले. कानाशिवाय ती आंधळी झाली होती. तेव्हा मी तिला बोट वापरायला लावलं, पडद्यावर प्रत्येक शब्दाखाली, चिठ्ठीवर ठेवतात तसं. हात हलवायला मनाई नव्हती. तिने हळूहळू बोटाने ऐकायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी बटण तीनदा पडलं. दहाव्या दिवशी एकदा, तेही शिंक आली म्हणून.

त्या सोळा दिवसांत मी तिच्याशी एकदाही भांडले नाही. खिडकी तिला हवी तशी. टॉवेल तिला हवा तिथे. सकाळी तिच्या आधी उठून तिचा डबा भरून ठेवायचे. ती काही बोलली की मी "हो वहिनी" म्हणायचे. दादाने मला विचारलं, तुला बरं नाहीये का? मला बरं नव्हतंच. सत्तावीस वर्षं जिने एक फाईल चुकू दिली नाही, तिचं काम माझ्या एका शब्दाने जाणार होतं, आणि ती वरून माझ्या बोटाची पट्टी बदलत होती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अठ्ठावीस तारखेला मीच तिच्यासोबत गेले. केंद्र म्हणजे एका कार्यालयाच्या इमारतीचा तिसरा मजला: राखाडी गालिचा, काचेचं दार, टेबलाशी एक बाई. तिने वहिनीला खिसे रिकामे करायला सांगितलं. रुमाल निघाला, चष्म्याचं घर निघालं, आणि ते बटण निघालं.

"हे काय?" बाईने विचारलं.

"बटण," वहिनी म्हणाली. "सवय म्हणून."

बाईने तिच्या कोटाकडे बघितलं. कोटाची सगळी बटणं जाग्यावर होती. ते बटण रुमालाबरोबर कपाटात गेलं. वहिनीने एकदा मागे वळून बघितलं आणि आत गेली.

बाहेर एक बाक होतं. तिथून काचेतून तिची पाठ दिसत होती. कोट मीच बेतलेला, त्यामुळे त्याची शिवण न् शिवण मला पाठ. वहिनी बोलायला लागली की तिचा उजवा खांदा आधी उचलला जातो आणि बाहीच्या जोडावर एक घडी पडते. मी नव्वद मिनिटं त्या घडीवर डोळा ठेवून बसले. पाणी प्यायले नाही, उठले नाही. वहिनीचं बोट पडद्यावर सावकाश सरकत होतं. दोनदा खांदा उचलला गेला. दोन्ही वेळा मी बाकावर मूठ आवळली आणि दोन्ही वेळा तो तसाच खाली आला. घडी काही पडली नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. टेबलाशी सही केली, सामान घेतलं, एक छापील कागद घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. मी तिच्यामागून जिना उतरले. मला विचारायचा धीर होत नव्हता. रस्त्यावर आल्यावर बसच्या थांब्यावर ती टेकली आणि कागद काढून माझ्या हातात दिला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे मला वाचता येईना.

"तूच वाच," मी म्हटलं.

"पास," ती म्हणाली. "ब्याऐंशी."

मी तिथेच, चारचौघांत, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. माझा जीव भांड्यात पडला हे खरं, पण त्याहून मला तिचा इतका आनंद झाला की काय करावं कळेना. ती माझी पाठ थोपटत होती आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांना सांगत होती, काही नाही, सगळं चांगलंच आहे.

मग मी नाक पुसून म्हटलं, "झालं. मिळाली तुझी जागा. आता नवीन लोकांना शिकव, एका नावाच्या दोन बायका असतात म्हणून."

"शिकवेन की. हवीच होती मला ती जागा." तिने माझ्या हातातला कागद परत घेतला. "पण खरं सांगू का, कात्री? चादरींच्या कोठीतही सहा वर्षं निघाली असती माझी. मी दुसऱ्याच कारणाने घाबरले होते."

"कुठल्या?"

"नापास झाले असते तर तू जन्मभर मला 'हो वहिनी, हो वहिनी' करत राहिली असतीस. डबे भरले असतेस. टॉवेल उचलले असतेस. सोळा दिवस बघितलं मी ते, मला घर खायला उठलं होतं." ती माझ्याकडे न बघता कागदाची घडी नीट करत होती. "तुझा भाऊ तर बोलतच नाही. माझ्याशी भांडायला तुझ्याशिवाय आहे कोण मला?"

एक बस आली, तिने मोठ्यांदा पाटी वाचली आणि उठली.

"ही नाही," मी म्हटलं. "ही लांबून जाते. मागची घेऊ."

"हीच जाते सरळ. तुला रस्ते कधी कळलेत?"

"मला? अठ्ठावीस वर्षं तू उलट्या बाजूला उभी राहतेस आणि रस्ते मला कळत नाहीत?"

बस निघून गेली. आम्ही थांब्यावर उभ्या राहून भांडत होतो, आणि मागची बस आली तेव्हाही भांडण संपलं नव्हतं, म्हणून तीही सोडली.